समुद्रकाठचं गोल्फ : सोलापूर-पुण्याच्या सवयी मॉरिशसला कुठे फसतात?

होटगीरोड

नमस्कार मंडळी. सोलापुरातून चौघे ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात मॉरिशसला निघालेत. हँडिकॅप १४ ते २४, म्हणजे राउंडला ठरलेल्या फटक्यांपेक्षा साधारण तेवढे जास्त लागतात. सराव बहुतेक जाळीत (नेट), अधूनमधून पुण्याला येरवड्याचा पूना क्लब नाहीतर ऑक्सफर्ड. तीन राउंड बसवायचे आहेत, त्यातला एक 'ईल ओ सेर' हा नक्की. बाकी दोन कोणते, बॅगेत काय न्यावं, आणि समुद्राच्या वाऱ्यात नेमकं काय बदलावं?

निळ्या पाण्याची वर्णनं जाहिरातीत पोटभर आहेत. इथे फक्त कामाचं सांगा.

---

अण्णा_पार्कचौक

आधी कोर्सचं, म्हणजे मैदानांचं, सांगतो.

ईल ओ सेर (शेवटचा 'फ' उच्चारत नाहीत, अर्थ हरणांचं बेट) हे पूर्व किनाऱ्याला त्रू दो दूस गावासमोरचं छोटं बेट. बर्नहार्ड लँगरनं आखलेला कोर्स, २००३ साली खुला झाला, पार (अठरा होलना अपेक्षित फटके) ७२. जायला बोटच. तळी, खारफुटी, काळ्या ज्वालामुखी दगडाच्या घळी असं सगळं मध्ये येतं आणि बहुतेक ठिकाणी टीवरून (होलचा पहिला फटका मारायची जागा) हवेतूनच पलीकडे जावं लागतं, घरंगळत जायला वाटच नाही. म्हणून २४ हँडिकॅपवाल्यांनी पुढच्या टीवरून खेळावं. यात कमीपणा नाही.

त्याच किनाऱ्यावर जवळ अनाहिता आहे, एर्नी एल्सचा. तो रुंद आहे, चूक पोटात घालतो. दक्षिणेला बेल ओंब्रला हेरिटेजचा ल शातो, पीटर मॅटकोविचचा. डोंगर पाठीशी, समुद्र समोर. २०१५ ची पहिली मॉरिशस ओपन तिथेच झाली. शेजारी ला रिझर्व्ह लिंक्स हा २०२३ चा नवा कोर्स आहे, लुई ओस्टहाइझेन आणि मॅटकोविच दोघांचा.

माझा क्रम असा : आधी अनाहिता, मग ल शातो, शेवटी ईल ओ सेर. बहुतेक जण उलटं करतात. आल्या आल्या बेटावर जातात, नऊ होलमध्ये डझनभर बॉल पाण्यात घालवतात आणि मग उरलेले दोन राउंड भीत भीत खेळतात.

---

विजापूरवेस

अण्णा, क्रम पटला. पण ऑगस्टच का ओ? तिकडं तेव्हा हिवाळा असतो ना?

---

अण्णा_पार्कचौक

हिवाळा म्हणजे आपल्याकडची डिसेंबरची दुपार समजा. किनाऱ्यावर दिवसा २३-२४ अंश. पाऊस कमी, आणि चक्रीवादळांचा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल-मे, तो टळतो. खेळायला उत्तमच. अडचण एकच : आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे याच दिवसांत सर्वांत जोरात असतात. पूर्व किनारा थेट त्यांच्या तोंडावर. ताशी २०-२५ किलोमीटर वारा तिथे नवलाचा नाही.

अजून एक. दक्षिण गोलार्ध असल्यामुळे ऑगस्टमध्ये दिवस लहान. सूर्य सहाच्या आसपास मावळतो. आपल्याकडे ऑगस्टात सात वाजेपर्यंत उजेड असतो, त्या हिशेबानं दीडचा टी-टाइम (खेळ सुरू करायची वेळ) घेतलात तर सोळाव्या होलवर अंधार. बेटावरून परतीची बोटही बघायची असते. सकाळी ७ ते ९ मधलीच वेळ घ्या. वाराही तेव्हा जरा मवाळ असतो, जमीन तापली की दहा-अकरापासून चढतो.

---

टेरी_टॉवेल

वाऱ्याचं आकड्यात सांगा अण्णा. 'एक क्लब जास्त घ्या', म्हणजे जास्त लांब मारणारी काठी घ्या, हे सगळेच सांगतात.

---

अण्णा_पार्कचौक

सांगतो. एकच शॉट घेऊ.

स्कोअरकार्डावर पार-३ (तीन फटक्यांचं होल), १४० लिहिलंय. समोरून ताशी २० किमी वारा. सेव्हन-आयर्न १४० जाते असा आपला खेळाडू (आयर्नचा आकडा लहान तसा बॉल लांब). तो सेव्हन काढतो, वाऱ्यासाठी म्हणून सिक्स घेतो, अन् बॉल पाण्यात. का?

पहिली गफलत : ते १४० मीटर आहेत. मॉरिशसमध्ये फ्रेंच वळणामुळे कार्ड मीटरचं असतं. आपण यार्डात विचार करतो. मीटरचे यार्ड करायला दहा टक्क्यांपेक्षा थोडं कमी मिळवा. १४० मीटर म्हणजे १५३ यार्ड. इथेच सव्वा क्लब गेला. कार्टवरच्या स्क्रीनवर आणि रेंजफाइंडरमध्ये (अंतर मोजायचं यंत्र) पहिल्या टीआधी एकक एकच करून घ्या.

दुसरं, वारा. ढोबळ हिशेब असा की समोरच्या वाऱ्यात ताशी १ मैलाला १ टक्का अंतर वाढवून धरायचं. २० किमी म्हणजे साधारण १२ मैल. १५३ चे १२ टक्के १८. झाले १७१.

तिसरं, उंची. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटरवर, पुणं साडेपाचशेच्या वर. विरळ हवेत बॉल दोन टक्के जास्त जातो. म्हणजे पुण्यात मोजलेले तुमचे आकडे समुद्रकाठी दीडशे यार्डांना तीन यार्ड खोटे. त्यात तुम्ही आकडे एप्रिल-मेमध्ये ३८-४० अंशांत मोजले असतील तर थंड हवेचे आणखी दोन-तीन यार्ड.

बेरीज १७६ च्या आसपास. कार्डावर १४० दिसत होतं. या खेळाडूला सेव्हन नव्हे, सिक्स नव्हे, फाइव्ह-वुड (आयर्नपेक्षा लांब मारणारा क्लब) लागतो. आणि फाइव्ह-वुड हातात घ्यायची लाज वाटते म्हणूनच बॉल बुडतो.

पाठीमागून वारा असेल तर उलट गणित निम्मंच : १ मैलाला अर्धा टक्का. समोरचा वारा जेवढं खातो तेवढं पाठीमागचा परत देत नाही. आडव्या वाऱ्यात दीडशे यार्डांच्या शॉटला दहा-बारा यार्ड वाहणं धरा. डावीकडून उजवीकडे वारा आणि खेळाडूचा मूळचा स्लाइस (बॉल उजवीकडे वळणं), हे दोन्ही एकत्र आले की पंचवीस यार्ड सहज.

---

सातरस्ता_पुढे

त्यात समुद्राची दमट हवा जड, ती पण बॉल अडवते. अजून पाच यार्ड धरा.

---

हरळी

नाही हो. दमट हवा जड लागते ती अंगाला. बॉलच्या दृष्टीनं ती कोरड्या हवेपेक्षा किंचित हलकी असते, कारण पाण्याच्या वाफेचा रेणू नायट्रोजन-ऑक्सिजनपेक्षा हलका. फरक एवढा थोडा की यार्डात धरायचं कारण नाही. समुद्रकाठी बॉल कमी जातो तो उंची आणि तापमानामुळे. दमटपणाचा खरा त्रास ग्लोव्ह आणि ग्रिपला.

वारा वाचण्याबद्दल एक. टीवर सुरूची झाडं असतात, तिकडे त्यांना फिलाओ म्हणतात. त्यांच्या आडोशाला उभं राहून गवत उडवून बघितलं तर वारा लागतच नाही. पण सेव्हन-आयर्नचा बॉल पंचवीस-तीस मीटर वर जातो, झाडांच्या शेंड्याच्या वर. म्हणून शेंडे बघा, पाण्यावरच्या लहरी कुठल्या दिशेला पळतात ते बघा, शेजारच्या ग्रीनचा (होलभोवतीचं बारीक कापलेलं गवत) झेंडा बघा. हातातलं गवत फक्त बुटाजवळच्या हवेचं सांगतं.

---

होटगीरोड

ताई, तुमच्या आयडीवरूनच विचारतो. तिकडचं गवत आपल्याकडच्यासारखंच असतं का?

---

हरळी

नसतं, आणि हा भाग लोक सोडून देतात म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपल्या बहुतेक कोर्सवर जी बर्म्युडा म्हणतात ती म्हणजे हरळीच. गणपतीला वाहतो ती दूर्वा, तिच्या सुधारित जाती. समुद्राला लागून असलेल्या कोर्सवर मात्र बऱ्याच ठिकाणी सी-शोअर पास्पालम लावतात. ते मुळातच खाऱ्या जमिनीतलं गवत. खारे तुषार आणि मचूळ पाणी सोसतं. तण मारायला त्यावर मिठाचं पाणीही फवारतात, तण मरतं, गवत राहतं. कोर्सवर विचारून घ्या कुठलं आहे ते, कॅडीमास्टर एका शब्दात सांगेल.

खेळात फरक काय पडतो?

फेअरवेवर (टी आणि ग्रीनमधली कापलेली पट्टी) पास्पालमची पाती ताठ उभी असतात, बॉल वर बसतो, छोट्या टीवर ठेवल्यासारखा. आयर्न मारायला मजा. पण जमिनीवर पडला की बॉल पळत नाही, गवत धरून ठेवतं. पुण्यात मे महिन्यातल्या कडक फेअरवेवर ड्रायव्हर तीस यार्ड घरंगळतो, तो इथे आठ-दहा. म्हणजे दुसऱ्या शॉटला आणखी एक क्लब जास्त. अण्णांच्या बेरजेत हेही धरा.

ग्रीनभोवती खरी परीक्षा. आपली सवय एट-आयर्ननं ठेचून पळवायची, किंवा बाहेरून पटर (बॉल घरंगळवायचा क्लब). पास्पालमच्या काठावर ते गवत बॉलला मिठी मारतं आणि तो निम्म्या वाटेत बसतो. तिथे बॉल हवेतून थेट ग्रीनवर उतरवा, पिनच्या (होलमधली झेंड्याची काठी) एक-तृतीयांश अलीकडे. ५४ किंवा ५६ अंशांचा वेज (बॉल उंच उडवणारा क्लब), बॉल पायांच्या मध्यावर, हँडल फार पुढे झुकवू नका. हात पुढे ढकलले की क्लबची पुढची धार चिकट गवतात रुतते आणि शॉट तिथेच मरतो. क्लबचा तळ घासला गेला पाहिजे, धार नाही. दुसरी चूक रफमध्ये (कडेचं वाढलेलं गवत) : बॉल इतका वर बसतो की वेज त्याच्या खालून सरकून जातो आणि बॉल तिथेच टुणकन उडतो. क्लब जमिनीला न टेकवता बॉलच्या उंचीला धरा.

सकाळी दव फार असतं. पहिले चार-पाच होल ग्रीन मंद, नंतर पाणी सुकलं की वेग वाढतो. सातव्या होलवर पट (ग्रीनवर घरंगळवलेले फटके) पुढे जायला लागले की घाबरू नका, हात नाही बिघडलेला.

---

सातरस्ता_पुढे

ग्रीनचं एक सोपं आहे. समुद्राकडे सगळं वळतं. डोळे मिटून पट समुद्राच्या बाजूला धरा.

---

हरळी

डोळे मिटून नको. डोंगराच्या पायथ्याला असलेल्या कोर्सवर, ल शातोसारख्या, जमिनीचा एकूण उतार समुद्राकडेच असतो आणि डोळ्यांना तो कमी दिसतो. तिथे तुमचं बरोबर. सपाट बेटावर उंचवटे माती टाकून केलेले असतात, तिथे ग्रीनचं पाणी कुठे काढलंय ते महत्त्वाचं. ग्रीनवर चढताना कडेनं एक चक्कर टाका. बादलीभर पाणी मधोमध ओतलं तर कुठल्या कडेनं बाहेर पडेल, एवढंच बघायचं. बहुतेकदा ते बंकरच्या (वाळूचा खड्डा) आणि चालत येण्याच्या वाटेच्या उलट दिशेला असतं.

आणि ग्रीन हरळीचा असेल तर ग्रेन, म्हणजे पात्यांचा झुकाव. बॉलच्या मागे उभं राहिल्यावर गवत चकचकीत, फिकं दिसलं तर पाती तुमच्यापासून दूर झुकलीत, पट पळतो. गडद, मातकट हिरवं दिसलं तर पाती तुमच्याकडे, पट दाबून मारायचा. खात्री नसेल तर होलच्या काठाशी वाका. काठाची एक बाजू ब्लेडनं कापल्यासारखी स्वच्छ असते, दुसरी जरा तपकिरी, झिजलेली, तंतू सुटलेली. झिजलेल्या बाजूकडे गवत वाढतंय. दुपारनंतर ही खूण जास्त स्पष्ट, सकाळी होल नुकतं कापलेलं असतं तेव्हा फारशी नाही. पास्पालममध्ये ग्रेन कमी, तिथे एवढं वाकत बसलात तर मागचे चौघे ओरडतील.

---

विजापूरवेस

बादलीचं लक्षात राहील ताई. आता तो वाऱ्यातला खालून जाणारा शॉट कुणीतरी शिकवा. जोरात मारला की आमचा बॉल आणखी वर जातोय.

---

अण्णा_पार्कचौक

जोरात मारला म्हणूनच वर जातोय मालक. जोर वाढला की उलटी फिरकी वाढते. समोरच्या वाऱ्यात फिरकीचा बॉल पतंगासारखा वर चढतो, तिथेच थांबतो आणि सरळ खाली पडतो. वाऱ्याला उत्तर जोर नव्हे, कमी फिरकी.

दोन क्लब जास्त घ्या. सेव्हनच्या जागी फाइव्ह. ग्रिपवर हात इंच-दीड इंच खाली. बॉल नेहमीपेक्षा एक बॉलभर मागे, उजव्या पायापर्यंत नव्हे. वजन थोडं डाव्या पायावर आणि तिथेच राहू द्या. मागचा स्विंग छातीपर्यंत. मारल्यावर हात छातीच्या उंचीला थांबवा, क्लब गळ्याभोवती गुंडाळू नका. हात खाली थांबले की बॉल खाली राहतो, एवढंच सूत्र. लय मात्र रोजच्यापेक्षा संथ. (हे उजव्या हातानं खेळणाऱ्यांसाठी.)

कुठे बिघडतं? बॉल फार मागे घेतला तर क्लब खड्डा खणतो, त्यात पास्पालम आणखी धरतं. आणि लोक शेवटच्या क्षणी 'पोचेल का' या शंकेनं झटका देतात, तो बॉल डावीकडे हुक. क्लब मोठा घेतलाय, पोचणारच आहे.

सरावाला मॉरिशस कशाला हवं? आषाढात सोलापूरच्या माळावर पश्चिमेचा वारा असतोच. मोकळ्या जागी त्याला तोंड करून रोज तीस बॉल मारा. नेटमध्ये हा शॉट शिकता येत नाही, कारण बॉल किती वर गेला तेच दिसत नाही.

---

नियमावली

वाऱ्याचं झालं, आता बॉल पाण्यात गेल्यावरचं. इथे गटात हमखास वाद होतात.

पहिल्या टीआधी कार्डाच्या मागचे स्थानिक नियम वाचा. समुद्रकिनारा काही कोर्सवर लाल खुंट्यांचा पेनल्टी एरिया (बॉल अडकला तर जादा फटका मोजून बाहेर काढता येतो असा भाग) असतो, काही ठिकाणी पांढऱ्या खुंट्या, म्हणजे हद्दीबाहेर. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक.

लाल असेल तर १ पेनल्टी (एक जादा फटका) आणि तीन पर्याय : जिथून मारला तिथूनच परत, किंवा होल आणि बॉल शेवटचा जिथे आत गेला तो बिंदू यांच्या सरळ रेषेत मागे, किंवा त्या बिंदूपासून दोन क्लबच्या लांबीत, होलच्या जवळ न जाता. समुद्राच्या होलवर दुसरा पर्याय बहुधा कागदावरच, मागची रेषा पाण्यातच जाते. पिवळ्या खुंट्यांना तिसरा पर्याय नाही. क्लबची लांबी म्हणजे बॅगेतला पटर सोडून सर्वांत लांब क्लब. ड्रॉप, म्हणजे नवा बॉल हातातून सोडणं, गुडघ्याच्या उंचीवरून.

'शेवटचा आत गेला' यातला 'शेवटचा' महत्त्वाचा. बॉल पाण्यावरून पलीकडच्या काठावर टेकून मागे घरंगळला तर बिंदू पलीकडचा. मध्येच बुडाला तर टीच्या बाजूचा. म्हणून चौघांपैकी एकानं बॉलकडे नाही, त्या काठाकडे बघत राहायचं.

प्रोव्हिजनलचा (पहिला सापडला नाही तर म्हणून मारून ठेवायचा बॉल) घोळ : बॉल समुद्रातच गेला हे सगळ्यांना दिसलंय, तर प्रोव्हिजनल खेळता येत नाही. तोंडानं 'प्रोव्हिजनल' म्हणून दुसरा मारला तरी तो टीवरून तिसरा स्ट्रोक म्हणूनच मोजला जातो. बॉल पेनल्टी एरियाबाहेर हरवला असण्याची किंवा हद्दीबाहेर गेल्याची शक्यता असेल तरच प्रोव्हिजनल. शोधायला ३ मिनिटं, पूर्वीची ५ नाहीत. हे २०१९ पासून.

वाळूत, लाल खुंट्यांच्या आत बॉल सापडला तर पेनल्टीशिवाय खेळता येतो. तो किनारा बंकर नव्हे, क्लब टेकवता येतो, पोवळ्याचे तुकडे उचलता येतात. खऱ्या बंकरमध्येही सुटे दगड-पोवळे उचलायला मुभा आहे, फक्त बॉलच्या लगेच मागे-पुढे क्लब टेकवायचा नाही आणि हातानं वाळू चाचपायची नाही. पाय रोवताना वाळू भुसभुशीत की दबलेली ते कळतंच, ते चालतं. पडलेला नारळ सुटा अडथळा, उचला. उचलताना बॉल हलला तर १ पेनल्टी (ग्रीनवर आणि टीवर नाही). खेकड्याचं बीळ आड आलं तर फुकट रिलीफ (पेनल्टीशिवाय बॉल बाजूला घ्यायचा), पण बॉल पेनल्टी एरियात असेल तर नाही.

---

होटगीरोड

आमचा एक मित्र बॉल काढायला पाण्यात उतरणारा आहे. प्रत्येक बॉलला.

---

नियमावली

त्याला थांबवा. लगूनचं पाणी गुडघाभर आणि स्वच्छ दिसतं, पण तळाला पोवळं ब्लेडसारखं असतं, समुद्री साळूचे काटे पायात मोडून राहतात, आणि दगडमासा हुबेहूब दगडासारखा पडून असतो, त्याचा काटा विषारी. बॉलची किंमत एवढी नाही. काही घळींना तर आत जायलाच बंदी असते, तिथे वर दिलेल्या पर्यायांनी बाहेरच ड्रॉप घ्यावा लागतो.

आणि सुट्टीतल्या खेळाला स्ट्रोकप्ले (सगळे फटके मोजायचे) नको, स्टेबलफोर्ड (होलगणिक गुण) ठेवा. नेट पारला (हँडिकॅप वजा करून) २ गुण, नेट डबल बोगीला (पारपेक्षा दोन जास्त) शून्य. दोन बॉल पाण्यात गेले की तिसरा उचला आणि पुढे चला.

कोर्स हँडिकॅप, म्हणजे त्या कोर्सवर मिळणारे जादा फटके, काढायची रीत : इंडेक्स (तुमचा अधिकृत हँडिकॅप आकडा) × स्लोप ÷ ११३, अधिक (कोर्स रेटिंग − पार). स्लोप आणि रेटिंग हे कोर्सच्या अवघडपणाचे आकडे. समजा इंडेक्स १८, स्लोप १३५, रेटिंग ७३.५, पार ७२ : २१.५ अधिक १.५, म्हणजे २३. हे आकडे नमुन्याचे, तुमच्या टीचे तिथल्या तक्त्यावर असतील. टी निवडताना फाइव्ह-आयर्नचं अंतर × ३६ करा. १५० यार्ड जात असेल तर ५४००, मीटरमध्ये ४९००-५००० च्या आसपास. एवढ्या लांबीची टी तुमची. मागच्या टीवरून समुद्र जास्त दिसत नाही, जास्त लागतो एवढंच. हँडिकॅप सर्टिफिकेट मोबाइलवर ठेवा, काही ठिकाणी विचारतात.

---

टेरी_टॉवेल

बॅगेचं मी लिहितो.

पूर्ण संच, कॅरी बॅग, बूट, दीड-दोन डझन बॉल आणि प्रवासाचं कव्हर मिळून १४-१५ किलो होतं. एअरलाइनकडे खेळाच्या सामानाचा नियम तिकीट काढतानाच विचारा, विमानतळावर नको. ड्रायव्हर-वुडची डोकी पान्यानं काढून मोज्यात घाला आणि कपड्यांच्या बॅगेत टाका. पाना टाकायला विसरू नका, तो चेक-इन बॅगेतच, हातातल्या नाही. कव्हरमध्ये क्लबपेक्षा दोन इंच उंच अशी काठी उभी करा. त्यासाठी लांबी कमी-जास्त होणारे रॉड मिळतात; दणका त्या काठीला बसतो, शाफ्टला नाही. क्लबची डोकी टॉवेलनं एकत्र गुंडाळून चिकटपट्टी. रेंजफाइंडरची सुटी बॅटरी, पॉवर बँक हातातल्या सामानात.

टॉवेल म्हटलं की आपलं गाव. बाहेरून मायक्रोफायबर मागवण्याआधी चाटी गल्लीतून साधे सुती टेरी टॉवेल घ्या, १६ बाय २४ इंच, ४०० ते ५०० जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम). प्रत्येकी तीन. नवा टॉवेल पाणी शोषत नाही आणि ग्रिपवर तूस सोडतो, म्हणून निघण्याआधी दोन-तीनदा नुसत्या पाण्यात धुवा, कंडिशनर अजिबात नको. एक अर्धा ओला करून बॅगेला बाहेर, तो क्लबच्या खाचांसाठी. एक कोरडा छत्रीच्या आडोशाला, फक्त ग्रिप आणि हातांसाठी. तिसरा खोलीवर. समुद्राच्या हवेत सुती टॉवेल रात्रभरात वाळत नाही हे लक्षात ठेवा, म्हणून तीन.

ग्लोव्ह किमान तीन, दर चार होलला बदला. काढलेला ग्लोव्ह खिशात कोंबू नका, कार्टच्या दांडीला वाऱ्यावर लावा. सनस्क्रीन तळहाताला लागलं की ग्रिप सुटते. हाताच्या मागच्या बाजूनं फासा किंवा काडीच्या रूपात मिळतं ते घ्या. हवा गार असल्यानं घाम जाणवत नाही, पण ऊन विषुववृत्ताच्या बाजूचंच. तासाला अर्धा-पाऊण लिटर पाणी, एक-दोन ओआरएसच्या पुड्या.

---

विजापूरवेस

कडक भाकरी अन् शेंगाचटणी राहिली की ओ. कार्टमध्ये मोडत नाही, खराब होत नाही.

---

टेरी_टॉवेल

कडक भाकरी बॅगेत आधीच मोडते मालक, विमानात तर चुराच. नेली तर कस्टमच्या फॉर्मवर खाद्यपदार्थ म्हणून लिहा. आणि नवव्या होलला चटणी खाऊन त्याच हातानं ग्रिप धरू नका, तेल आहे ते.

---

अण्णा_पार्कचौक

तारखांचं एक राहिलं. मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते, एकोणिसाव्या शतकात तिकडे मजुरीला गेलेल्या मराठी घरांचे वंशज मोठ्या संख्येनं आहेत. दुसऱ्या आठवड्यात तुम्हाला अडचण नाही, पण सहल पुढे ढकलली तर त्या दिवसाचा टी-टाइम आधी धरा. कॅडी किंवा बोटवाला मराठी आडनावाचा निघाला तर आश्चर्य वाटू देऊ नका. बोली मात्र क्रिओल.

---

होटगीरोड

सगळ्यांचे आभार. शेवटचं : बोटीतून जाताना खारं पाणी उडतं म्हणे. क्लब गंजतात का?

---

हरळी

एका दिवसात गंजत नाहीत, पण तसेच कव्हरमध्ये बंद करून सोलापूरला आणले तर गंजलेलेच निघतील. बोटीत बॅगेचं वरचं झाकण लावून ठेवा, रेंजफाइंडर झिपच्या पिशवीत. राउंड झाल्यावर त्याच दिवशी गोड्या पाण्यानं डोकी आणि शाफ्ट धुवा. कोर्सवर नळ असतो. डोकं शाफ्टला जिथे जोडलंय तिथल्या काळ्या कड्याखाली मीठ साचतं, तिथे जुना टूथब्रश फिरवा. कच्च्या लोखंडाचे, मुलामा नसलेले वेज असतील तर पुसून तेलाचं बोट. ग्रिप साबणाच्या कोमट पाण्यानं, मग सगळं खोलीत उभं, कव्हर उघडं. बुटांच्या तळव्यातली वाळूही धुवा, ती परतीच्या बॅगेत ओल धरून ठेवते.

---

होटगीरोड

टॉवेलला कडी कोपऱ्यात लावून घेऊ का मध्यभागी?

---

टेरी_टॉवेल

लांब बाजूच्या मध्यावर, काठापासून दीड इंच आत. कोपऱ्यात लावली तर वाऱ्यात टॉवेल झेंड्यासारखा फडफडतो आणि नेमका पटच्या वेळी. आयलेट (कडीच्या छिद्राचं धातूचं कडं) पितळी घ्या, लोखंडी दोन राउंडात डाग पाडते.